दामाजी कोळ्याची कबुली

कोपरीच्या दामाजी कोळ्यानं आयुष्यात पहिल्यांदा माणसावर हात उचलला तो एकोणसाठाव्या वर्षी. समोरच्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला.

त्याआधी दोन आठवडे त्याचा धाकटा भाऊ धाकू गेला होता. भर दुपारी, ओहोटीला, धाकू खाडीला मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून चिंबोऱ्या धरायचे फग काढत होता. वर रस्त्यावर टँकर थांबला आणि त्याचा पाइप नाल्यात सुटला. आधी नाक जाळणारा वास आला, मग धाकूची किंकाळी. दामाजीनं होडीतून उडी टाकून त्याला ओढलं, तर भावाच्या दंडाची कातडीच त्याच्या हातात आली. आजूबाजूला चिखलात बोई मासे पोट वर करून तडफडत होते. टँकर तोवर निघून गेला होता.

धाकू हॉस्पिटलात चार दिवस ओरडला. पाचव्या दिवशी आवाज थांबला. पोलिसांनी अकस्मात मृत्यू लिहिला. पाण्याचा रिपोर्ट आला की बघू, म्हणाले. रिपोर्ट आला नाही. टँकर मात्र पुन्हा आला.

दामाजी वल्हं घेऊन धावला. पहिल्या फटक्यात काच फुटली. त्यानं ड्रायव्हरला कॉलर धरून खाली खेचलं आणि वल्हं तोंडावर हाणलं. तो पडला तरी दामाजी थांबला नाही. रस्त्यावर दात सांडले.

"पी! माझ्या भावाला पाजलंस, आता तू पी!"

फरफटत त्यानं त्याला नाल्यापर्यंत नेलं. तोंड पाण्यात दाबायचंच बाकी होतं. तेवढ्यात आपल्या मुठीतल्या ड्रायव्हरच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही अजून ओले. अगदी धाकूसारखे.

त्यानं हात सोडला आणि तिथंच चिखलात बसून राहिला. पोलीस आले तेव्हाही उठला नाही.

त्याची केस घेतली डोंबिवलीच्या सरोज गुप्ते यांनी. मानपाड्याकडच्या नाल्यांसाठी त्या कित्येक वर्षं कोर्टात भांडत होत्या.

"दामाजीराव, तो आधी तुमच्या अंगावर आला, असं सांगता येईल."

"नाय बाई. मीच मारला त्याला. किती वर्सं होतील?"

"जास्तीत जास्त सात."

"नि खाडी मारली त्यांना?"

सरोजबाईंनी चष्मा काढला. "पूर्वी निदान कागदावर तुरुंग होता. आता बहुतेक नुसता दंड. तो भरायचा आणि पुन्हा पाइप सोडायचा. निसर्गाचा असा संहार युद्धगुन्ह्याइतकाच मोठा गुन्हा मानावा, अशी काही देशांची मागणी आहे. आंतरराष्ट्रीय कोर्टात अजून ती मान्य झालेली नाही."

"त्या देशांना आमच्या धाकूचं सांगा."

दोन महिन्यांनी ड्रायव्हर स्वतःच सरोजबाईंच्या ऑफिसात आला. जामिनावर सुटलेला दामाजी तिथंच बसला होता. सुशांत त्याचं नाव. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं. त्यानं कागद मागून घेतला आणि लिहिलं: 'जागा कारखान्याच्या मॅनेजरनं दाखवली. आठवड्याला तीन टँकर. नाही म्हटलं तर नोकरी जाईल म्हणाला.' खाली सही केली आणि दामाजीकडे न बघता निघून गेला.

त्या कागदावरून धाकूचं प्रकरण पुन्हा उघडलं. मॅनेजरवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. नवव्या दिवशी तो जामिनावर सुटला. खाडीबद्दल कारखान्याला दंडाची नोटीस गेली.

दामाजीनं कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मना शिक्षा झाली, बरोबर झाली. पण खाडी मारणाऱ्याला पण गुन्हेगारच लिवा, साहेब. दंडवाला नाय, गुन्हेगार."

खाडी मारणाऱ्याला तुरुंग व्हावा, असा अर्ज सरोजबाईंनी दिल्लीला सरकारकडे धाडला आणि त्यात हे वाक्य जसंच्या तसं घातलं. उत्तर अजून आलेलं नाही. धाकूची बायको सगुणा हल्ली मुंबईहून मासळी आणून कोपरीत विकते, आणि महिन्यातून एकदा जेलात जाऊन दिराला भेटते.