सासऱ्यांची कविता

कवीचा वाढदिवस देवाच्या उत्सवासारखा साजरा करतात, हे लग्न होऊन कार्डिफला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. आमच्या नागपूरला जयंती म्हणजे फोटोला हार, अध्यक्षांचं भाषण आणि बटाटेवडा. माझं सासर बंगाली. तिथे मे महिना जवळ आला की दिवाणखान्यात तालमी सुरू व्हायच्या, हार्मोनियम बाहेर निघायची, चहावर चहा व्हायचा आणि कोणाला कोणतं गाणं मिळालं यावरून रुसवेफुगवे. पहिल्या वर्षी मी आपली मोठ्या उत्साहाने नारळ घेऊन गेले. इथे नारळ फोडत नाहीत हे कळल्यावर माझा चेहरा पडला. सासऱ्यांनी तो गुपचूप पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी चण्याच्या डाळीत घालून मला वाढला. तेव्हापासून मला ते फार आवडायचे.

कार्यक्रमाचा शेवट त्यांचा असायचा. ते उभे राहायचे आणि एक लांबलचक कविता पाठ म्हणायचे. कागद बघून कविता म्हणणाऱ्या माणसाविषयी त्यांचं मत फारच वाईट होतं. त्यांची तालीम चालायची रविवारी सकाळी, स्वयंपाकघरात, मासे तळता तळता. सासूबाई हॉस्पिटलात नर्स, रविवारी त्यांची ड्यूटी. नवरा अजून अंथरुणात. मी शेजारच्या खोलीत आठवड्याचे कपडे इस्त्री करत असायचे. बंगाली मला जेमतेम कळायचं. तिन्हीसांजेला दाराशी उभी असलेली एक बाई कोणाची तरी वाट बघते आहे, एवढाच अर्थ मला लागला होता. पण ऐकून ऐकून ती अख्खी कविता माझ्या डोक्यात जाऊन बसली. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

२००९च्या जानेवारीत ते गेले. सासूबाईंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ड्यूटी चुकवली नाही, पण घरात बोलणं जवळजवळ बंद केलं. एप्रिलमध्ये इथल्या बंगाली मंडळाचे लोक जयंतीच्या कार्यक्रमाचं विचारायला आले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "या वर्षी आम्ही नाही."

मला रागच आला. ते लोक गेल्यावर मी म्हटलं, "मा, मग त्यांची कविता कोण म्हणणार? ती पण बंद करायची का?"

आमचं बोलणं एरवी इंग्रजीतून चालायचं, तेही जेवढ्यास तेवढं. "मी म्हणेन," त्या म्हणाल्या. "कागदाशिवाय. पण नाही जमलं, तर पुन्हा मला तिथे चल म्हणून हट्ट करायचा नाही. कधीच."

मी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. त्यांनी तालीम कोणाला ऐकू दिली नाही.

त्याच सुमारास इथल्या खासदारांनी सरकारी पैशातून केलेल्या घरखर्चाची प्रकरणं रोज पेपरात यायला लागली. एरवी हवामानापलीकडे न बोलणारे लोक बसमध्ये तावातावाने भांडत होते. आमच्या कार्यक्रमाच्या दुपारी हॉलवर पोचलो, तर केअरटेकर दारातच उभा. "सॉरी लव्ह, एमपींची पब्लिक मीटिंग आहे, खूप लोक आलेत. तुम्ही मागच्या खोलीत मॅनेज कराल का?" मी पदर खोचून भांडायला तयार होते, पण नवऱ्याने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

मागची खोली लहान मुलांच्या प्लेग्रुपची. एका बुटक्या खुर्चीवर कवीचा फोटो ठेवला, रजनीगंधेची फुलं मिळाली नव्हती म्हणून ट्यूलिप्स वाहिली, आणि सगळी ज्येष्ठ मंडळी गुडघे छातीशी घेऊन बसली. ती मीटिंग आणि आम्ही यांच्या मधे फक्त घडीचं पार्टिशन. सासरे असते तर त्यांची पंचाईत झाली असती. राजकारण आणि कविता, दोन्ही व्यसनं त्यांना सारखीच.

गाणी कशीबशी झाली. मग सासूबाई उभ्या राहिल्या. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. अर्धी कविता सरळ गेली आणि मी जरा मागे टेकले. तेवढ्यात पलीकडून "रिझाइन! रिझाइन!" असा गलका उठला, कोणीतरी टेबल बडवायला लागलं, आणि सासूबाई थांबल्या. मागची ओळ त्यांनी पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच थांबल्या. हाताने खुर्ची चाचपली. आता या बसणार, आणि एकदा बसल्या की संपलं, हे मला दिसत होतं.

पुढची ओळ मला येत होती. मी उभी राहिले आणि शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेत म्हणावी तशी, हात उंचावून, जीव ओतून म्हटली. "ओ रे, आर एक्टू शोबूर कोर!" म्हणजे, अरे, अजून थोडी सबूर कर.

पुढच्या बाईने तोंडावर हात ठेवला. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या.

"अगं, हे कवितेत नाही," त्या म्हणाल्या. "हे ते माशाला म्हणायचे. कढईतल्या माशाला, लग्न झालं तेव्हापासून ऐकलंय मी. उलटताना तुटू नये म्हणून."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी वर्षं मी समजत होते की दाराशी उभी असलेली ती बाईच असं म्हणते. आणि हसता हसता सासूबाई रडायला लागल्या, चांगल्या मोठ्याने, सगळ्यांसमोर. कोणी पुढे झालं नाही. त्यांना रडू द्यायचं आहे हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. मीही रडत होते.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. माशाला म्हणायची ती ओळ त्यांनी स्वतः म्हटली, अगदी सासऱ्यांच्या हेलात, आणि तिच्यामागून कवितेची खरी ओळ आली. पलीकडे अजून आरडाओरडा चालूच होता. कविता शेवटपर्यंत पूर्ण झाली.

त्या येऊन माझ्या शेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या आणि माझा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"रविवारी मी कधी घरी नसायचे," त्या म्हणाल्या. "आणखी काय काय म्हणायचे गं ते?"