साक्ष: भाची

रविवारी सकाळी मामांचा फोन आला आणि मी तो वाजू दिला. रविवार म्हणजे मामांचा शब्दांचा दिवस; म्हटलं, भाजी फोडणीला टाकून मग निवांत बोलू. दुसऱ्यांदा उचलला तर पलीकडे मामी होत्या... "बाई, मामा गेले," एवढंच म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला. पहिला फोन न उचलल्याचं कोणीही समजून घेईल. मला खुपतंय ते वेगळंच आहे.

मामा गंगाखेडला दस्त-नोंदणी कार्यालयात कारकून होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच शब्द धरला, 'मामा'. तो कुठल्या भाषेत कोणाला लावतात, याच्या नोंदी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर करायचे. पुस्तकातलं चालत नसे; ती भाषा बोलणाऱ्याच्या तोंडूनच यायला हवं, आणि खाली सांगणाऱ्याची साक्ष. परभणीला शेतकी शिकायला आलेल्या आफ्रिकेतल्या एका मुलाला त्यांनी खानावळीत गाठलं. त्याच्या स्वाहिलीत मामा म्हणजे आई. शेजारची मुलगी डॉक्टरकी शिकायला जॉर्जियाला गेली, तिनं घरमालकिणीलाच फोनवर आणलं. तिथं मामा म्हणजे बाप. त्या दिवशी मामा हरखून मला म्हणाले, "लेकराच्या व्हटाला जे पयलं जमतंय, ते जवळचं मानूस आपल्या नावावर करून घेतंय. कुठं आई, कुठं बाप. तुज्या वक्ताला मी जवळ होतो." मी तान्ही असतानाच माझे वडील गेले. मला वाढवलं ते मामांनी.

मी पुण्यात एका जपानी कंपनीत. जपानी साहेबांना विचारून सांग, असं मामांनी मला सांगितलं. साहेब समोरच्याच टेबलाला बसायचे, मिनिटभराचं काम. चार रविवार मी विचारलं नाही. पाचव्या रविवारी वैतागून ठोकून दिलं, म्हाताऱ्या माणसाला म्हणतात. साहेबांनीच सांगितलं का, एवढं मामांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. लाज वाटली, पण उलट फोन करून खरं सांगण्याइतकी नाही. पुढच्या सहा वर्षांत मामांनी तो विषय काढला नाही. फक्त फोन ठेवताना न चुकता विचारायचे, "आनखी काई सांगायचं हाय का?" मी म्हणायची, नाही मामा.

चौदाव्यानंतर मामींनी नोंदींचा डबा माझ्यापुढं ठेवला. माझी थाप तशीच होती, खाली 'साक्ष: भाची'. तिला टाचणीनं दुसरा कागद जोडलेला, वर 'चूकदुरुस्ती'. जॉर्जियातल्या त्या मुलीच्या जपानी मैत्रिणीनं सांगितलेलं: 'मामा म्हणजे जसं आहे तसं. लेकराच्या बोलातून आलेला नाही, मुळातच निराळा शब्द.' तारीख माझ्या थापेनंतर तीनच आठवड्यांची. सहीची जागा मात्र कोरी. मी मामींकडे पाहिलं.

"ज्यानं चुकीचं लिव्हून दिलं, त्यानंच येऊन दुरुस्तीवर सही करायची, असा त्येंचा नेम होता," मामी म्हणाल्या. "मी म्हनले, पोरीला सांगा की. तर म्हनले, येईल तिची ती."

डबा घेऊन पुण्याला परतल्यावर मी साहेबांना विचारलं. मिनिटभरच लागलं, अर्थ तोच निघाला. संध्याकाळी त्या कागदावर सही केली, तारीख घातली, टाचणी होती तशी लावून ठेवली. आता रविवारी सकाळी डबा काढून बसते, फोन शेजारी असतो... आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारणारं कोणी नाही. आणि मला सांगायचं आहे.