कान पक्का झाल्याची जिलेबी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या भावाचे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. त्याने शाळा सोडली आणि मालेगावला यंत्रमागावर गेला, म्हणून मी धुळ्याला कॉलेजात जाऊ शकलो. माझ्या पदवीदानाला तो नवा सदरा घालून आला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा त्याला ते ऐकूच आलं नाही. शेजारच्याने कोपराने ढोसल्यावर तो उठून उभा राहिला आणि बाकीच्यांच्या टाळ्या संपल्यावर एकटाच कितीतरी वेळ वाजवत राहिला.

मागावरची माणसं मोठ्याने बोलतात, हे आम्हाला माहीत होतं. दादाही बोलायचा. त्याचं आम्हाला काही वाटत नसे. एका दिवाळीत आम्ही जेवणं आटोपून अंगणात बसलो होतो. चहूकडून रातकिडे ओरडत होते. दादा म्हणाला, "यंदा रातकिडे कुठं गेले रे?" तो चेष्टा करतोय असं वाटून आई हसली. मीही हसलो. मग तोही हसला.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मला सिल्वासाजवळ खडोलीतल्या एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली. पॉलिस्टरच्या गुळगुळीत धाग्याला तापवून, पीळ देऊन लोकरीसारखा फुगवायचा, असं तिथलं काम. लांबलचक मशीनवर धागा पिळणाऱ्या शेकडो चात्या फिरत. त्यांचा आवाज मागासारखा खडखडाट नव्हता. बारीक, सरळ, सुईसारखा होता. पहिल्या दिवशी दार उघडून आत गेलो आणि दोन्ही हात आपोआप कानांवर गेले. मशीनवरची माणसं दात काढून हसली. हसण्याचा आवाज अर्थातच आला नाही.

दुपारी कॅन्टीनमध्ये मुख्य फिटर माझ्या समोर येऊन बसला. सुरतेकडचा, केस पिकलेला, सगळं खातं त्याच्या शब्दावर चालायचं. म्हणाला, "साहेब, कान अभी कच्चा है. पकने दो."

तिथे ती पद्धतच होती. नवा माणूस आला की पहिले काही आठवडे त्याचं डोकं दुखायचं, सुटी झाल्यावरही कानांत शीळ वाजत राहायची. पुढे हळूहळू त्रास कमी व्हायचा. ज्या दिवशी तो "आता काही वाटत नाही" म्हणायचा, त्या दिवशी त्याचा कान पक्का झाला. मग त्याने जिलेबी वाटायची. फिटर पहिला तुकडा त्याच्याच तोंडात घालायचा. तोवर त्याला सगळे 'ए नवा' म्हणत, त्यानंतर नावाने हाक मारत. माझाही कान पक्का झाला. मीही जिलेबी वाटली, आणि त्या परक्या गावात आपल्याला आपलं म्हणणारी माणसं मिळाली म्हणून मला फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी होळीनंतर जवळच्या किलवणी गावचा एक माणूस कामाला लागला. चाळिशीतला, घरची थोडी भातशेती, मितभाषी वारली. त्याने फार दिवस 'ए नवा' सोसलं. गणपतीच्या सुमारास एका दुपारी तो कॅन्टीनमध्ये कागदात बांधलेली जिलेबी घेऊन आला. सगळ्यांना दिली आणि शेवटी माझ्यासमोर उभा राहिला.

"घ्या साहेब. माझा पण कान पक्का झाला."

"वा! आता त्रास नाही ना?"

"काय नाय. लई शांत वाटतं. घरी पण शांत. ह्या साली रातकिडंच नाय झालं, साहेब."

"नाही झाले?"

"एक पण नाय. बायको बोलते हायत, पण तिचं काय! ती कायपण बोलते."

सगळे हसले. माझा हात जिलेबीशी जाऊन थांबला. मला आमचं अंगण दिसलं, हसणारी आई दिसली आणि हसावं की नाही हे न कळून हसलेला दादा दिसला. ही जिलेबी कशाची आहे हे मला त्या क्षणी कळलं.

माझा हात तसाच राहिलेला पाहून त्या माणसाचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "आमच्या हातचं चालत नाय का, साहेब?"

मी घाईघाईने जिलेबी तोंडात घातली. बोलायला तोंड मोकळं झालं तेव्हा एवढंच विचारलं, "कधीपासून ओरडत नाहीत रातकिडे?" पण तो निघून गेला होता.

त्या दिवशी मी खोलीवर गेलो तो सायकल दामटत. जवळच्या अथाल गावात एका घराच्या मागच्या बाजूला मी भाड्याने राहत असे. सूर्य मावळला होता, समोर भाताची खाचरं होती. बांधावर उभा राहून मी ऐकू लागलो. आवाज येत होता. बारीक, सलग, न थांबणारा. जीव भांड्यात पडला. मग शंका आली म्हणून मी तळहातांनी दोन्ही कान गच्च दाबले.

आवाज थांबला नाही.

हात काढले, पुन्हा दाबले. तसाच. तो खाचरांतून येत नव्हता, माझ्या डोक्यातून येत होता. घरमालकीणबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. पालघरकडच्या, तोंडाने फटकळ. त्यांना विचारलं, "काकी, रातकिडे ओरडतायत का हो?"

"हे काय विचारणं झालं? मेल्यांनी कान किटवलेत माझे!"

मी "हो, खरंच" म्हणालो आणि आत जाऊन बसलो.

त्यानंतरचे दिवस मी भीतीतच काढले. घड्याळ कधी या कानाला, कधी त्या कानाला लावून बघायचो. कोणी बोलू लागलं की त्याच्या ओठांकडे बघायचो, आणि आपण ओठांकडे बघतो आहोत हे लक्षात आल्यावर आणखी घाबरायचो. दादाही असाच ओठांकडे बघायचा. आम्हाला वाटायचं, किती मन लावून ऐकतो.

शेवटी रजा टाकून वलसाडला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका छोट्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काही आवाज आले. मग काहीच येईना. काचेपलीकडे डॉक्टरांचा हात यंत्रावर फिरताना दिसत होता, म्हणजे ते आवाज सोडत होते. न ऐकताच बटण दाबावं असं फार वाटलं.

"वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेलेत," मी बाहेर आल्यावर ते म्हणाले. "गेलेले परत येत नाहीत. राहिलेत ते सांभाळा. आवाजात कानात बोळे घालत जा. तुमच्याकडच्या इतरांनाही सांगा."

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. ते मुंबईचे, स्वभावाने वाईट नव्हते. म्हणाले, "अहो, स्पंजाचे बोळे आहेत की कपाटात. फॅक्टरी इन्स्पेक्टर येतात तेव्हा काढतो आपण."

"आणि ते गेल्यावर?"

"परत ठेवतो. नवेच्या नवे आहेत, बघा हवं तर." मग आवाज उतरवून म्हणाले, "लोकांना घाबरवू नका. बहिरे होणार म्हणालात तर उद्या कोणी यायचं नाही. तुमची नोकरीत कायम केल्याची ऑर्डरही अजून निघायची आहे. आणि फिटर ऐकणार आहे का? तो तयार झाला तर वाटा खुशाल."

फिटर तयार होणार नाही याची त्यांना खात्री होती. नोकरी गेली तर दादाला काय सांगायचं, हा विचार माझी पाठ सोडत नव्हता. पण किलवणीच्या त्या माणसाचा कान पक्का होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि तो रोज आठ तास त्या आवाजात उभा होता. थांबायला वेळ नव्हता.

फिटरने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, कान बंद करके मशीन कैसे देखूँगा? मशीन तो कान से चलती है. बेअरिंग गया तो पहले कान को मालूम पडता है."

हे खोटं नव्हतं. तेव्हा शाळेतला नादकाटा आठवला. आमच्या तालुक्याच्या शाळेत विज्ञानाला एकच नादकाटा होता. सर तो वाजवून कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि कान बंद करायला सांगायचे. कान बंद केला की आवाज उलट मोठा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी मी फिटरच्या कानांत बोळे घातले आणि त्याला मशीनपाशी नेलं. त्याच्या लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडावर टेकवली, टोक बेअरिंग बसवलेल्या लोखंडी घरावर ठेवलं. त्याने डोळे मिटले. मग हात झटकून स्क्रूड्रायव्हर स्वतःच घेतला आणि एकेक जागा तपासत निघाला. एका ठिकाणी थांबला, पुन्हा ऐकलं आणि ते बेअरिंग बदला अशी खूण केली.

बाहेर आल्यावर म्हणाला, "साहेब, ये तो अंदर से बोलता है!"

मग बोळे वाटले. चेष्टा झालीच. "मी घरी नेतो साहेब, सासू आलीय." "मोगऱ्याचा गजरा पण द्या वर." एकाने विचारलं, "मग आता जिलेबी कशाची?" फिटर म्हणाला, "जो महिनाभर बोळा नहीं निकालेगा, उसकी."

किलवणीच्या माणसाने बोळे निमूट घातले. त्याला मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. "म्हणजे बायको खरं बोलत होती," तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी दादाला पत्र लिहिलं. एसटीडीच्या फोनवर त्याला माझं बोलणं कळेनासं झालं होतं. ते पत्र असं होतं:

दादा,

तुझ्या पाया पडतो. मी इथे ठीक आहे, पण एक गोष्ट फोनवर सांगता येणार नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि आईसमोर मोठ्याने सांगण्यासारखी ती नाही.

तुझे कान मागामुळे गेले. वयामुळे नाही, सर्दीमुळे नाही, आई म्हणते तसे गरम दुधामुळेही नाही. डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं. माझेही थोडे गेले आहेत. मला भीती वाटते. तुला तेव्हा कोणी काही सांगितलं नाही, तू एकट्याने कसं काढलं असशील कोण जाणे.

सोबत पुडीत बोळ्यांच्या चार जोड्या पाठवतो आहे. कानात घालण्याआधी बोटांनी वळून बारीक करायचे, आत गेल्यावर ते फुगतात. एक जोडी तुझी. आता काय उपयोग, असं म्हणू नकोस, जे उरलं आहे ते ठेवायचं आहे. बाकीच्या तुझ्या शेजारच्या मागांवर जे आहेत त्यांना दे. हसतील. हसू दे.

दिवाळीला येतो. जेवण झालं की आपण अंगणात बसू. तुझ्या मुलीला आपल्या दोघांच्या मध्ये बसव. रातकिडे सुरू झाले की ती आपल्याला सांगेल.

तुझा धाकटा भाऊ