उभ्यानं हसायचं

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या त्या किनाऱ्यावर दर तिसऱ्या घरात मॅकइनिस राहायचे, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव असायचं. फर्गस मॅकइनिसला सगळे ‘गोष्टीवाला’ म्हणत. संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात चहाची किटली चुलीवर चढली की पलीकडच्या खाडीवरून माणसं येत आणि भिंतीला टेकून उभी राहत. त्याच्या थोरल्या मुलीचं, मोरागचं, टोपणनाव होतं ‘दगड’. बापानं गोष्टीला हात घातला की ती उठून बाहेर जायची, आणि तिला हसताना कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

लहानपणी मात्र सगळ्यांत मोठ्यानं ती हसायची. ती सोळा वर्षांची असताना फर्गस एकदा बिशपच्या टोपीत अंडं घालणाऱ्या कोंबडीची गोष्ट सांगत होता. मोराग किटली घेऊन उभी होती. अंडं फुटायची वेळ आली, तिला हसू फुटलं आणि गुडघ्यांतली हाडंच कुणी काढून घेतल्यासारखी ती खाली बसली, मग आडवी झाली. किटली सांडली. तिला सगळं ऐकू येत होतं, फ्लोराआत्या म्हणाली तेसुद्धा: “उपाशी असेल. या वयातल्या पोरी नखरे करतात.” पण जीभ उचलत नव्हती. थोड्या वेळानं अंगात बळ आलं आणि ती काही झालंच नाही अशी उठली.

मग हे वारंवार व्हायला लागलं, आणि दरवेळी हसण्यावरच. दिवसा तर झोप तिच्या मानगुटीवर बसलेली असायची. वर्गात, चर्चमध्ये, हातात काटा धरून जेवताना ती पेंगायची. पहाटे जाग यायची, डोळे उघडायचे, पण बोटही हलायचं नाही. छातीवर कुणी बसलंय असं वाटायचं. आजीनं निदान केलं, “चेटकी म्हातारी बसते ती छातीवर,” आणि पलंगाला जपमाळ बांधली. डॉक्टरनं रक्त कमी असल्याचं सांगून गुरांची कलेजी खायला लावली. मोरागनं कित्येक वर्षं कलेजी खाल्ली. झोप काही हटली नाही.

शेवटी तिनं स्वतःपुरता इलाज शोधला: हसायचंच नाही. विनोद येताना दिसला की गालाचं आतलं मांस दातांत धरायचं आणि मेलेल्या माणसांची आठवण काढायची. तेही पुरेनासं झालं की बाहेर जायचं. गाव म्हणायचं, गोष्टीवाल्याच्या पोटी हा दगड आला कुठून. ती दाराशी पोचली की फर्गसचा आवाज जरा उतरायचा. मोरागला ते ऐकू यायचं.

मासळीच्या कारखान्यात ती शेवंडीचं, म्हणजे लॉबस्टरचं, मांस डब्यांत भरायची. एके दिवशी ती उभ्यानंच झोपली. डोळे उघडे, हात चालू, आणि डब्यांत मांसाऐवजी कवचं. मुकादम म्हणाला, “ही कोण खाणार, तुझा बाप?” त्याच दिवशी तिला घरी पाठवलं. पुढं गावच्या सहकारी दुकानात तिला काम मिळालं. तिथं गल्ल्यामागं स्टूल होतं. हिशेब तिचा चोख असायचा. फक्त दुपारी पेन कागदावर घसरत जायचं.

तिनं होड्या दुरुस्त करणाऱ्या हेक्टरशी लग्न केलं. हेक्टर भला माणूस, पण त्याला विनोद सांगता येत नसे. म्हणूनच तिनं त्याला पसंत केलं, असं लोक म्हणत. त्यात थोडं तथ्य होतं.

सगळं उलगडलं ते तिच्या धाकट्या भावाच्या, रॅनल्डच्या लग्नात. फर्गस नव्या सुनेसाठी दोन शब्द बोलायला उभा राहिला आणि त्या शब्दांची हां हां म्हणता गोष्ट झाली. मोराग नवरीशेजारी उभी होती. सटकायला वाट नव्हती. तिनं गाल चावला. वारलेल्या आजीची आठवण काढली. पण फर्गसनं आवाज बारीक करून पाद्रीबाबांची नक्कल सुरू केली, आणि मोराग केकच्या टेबलाला धरत धरत खाली गेली.

लोक धावले. कुणी पाणी मारत होतं, कुणी विचारत होतं, घेतली होती का हिनं. तेवढ्यात त्याच वर्षी शेतिकँप गावाहून आलेल्या डॉक्टर पोतियेबाई गर्दी सारून तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या.

“मोराग, तुम्हाला माझं ऐकू येतंय. येत असेल तर डोळे वर करा.”

मोरागनं डोळे वर केले. अठरा वर्षं ती जमिनीवर पडत आली होती आणि तिच्याविषयी माणसं तिच्या डोक्यावरून बोलत आली होती. तिच्याशी बोललेली ही पहिलीच.

डॉक्टरबाईंनी तिला हॅलिफॅक्सच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं डोक्याला तारा चिकटवून रात्रभर झोपवलं, आणि दुसऱ्या दिवशी भर उजेडात, ठरावीक वेळानं, पुन्हा पुन्हा झोपायला सांगितलं. मोराग हेक्टरला म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा कुणी झोपल्याबद्दल शाबासकी देतंय.”

मग तिथल्या तज्ज्ञानं तिला समोर बसवून समजावलं. माणूस झोपतो तो पायऱ्या उतरल्यासारखा. आधी उथळ झोप, मग गाढ, आणि दीडेक तासानं स्वप्नांची. स्वप्नात माणूस धावू नये, हातपाय झाडू नये म्हणून शरीर त्या वेळी स्नायूंना कडी घालतं. “तुम्ही पायऱ्या उतरतच नाही, बाई. थेट स्वप्नात उडी मारता, काही मिनिटांत. आणि तुमची ती कडी सैल आहे. जागेपणी हसलात की ती पडते. पहाटे जाग आली तरी ती निघत नाही. छातीवरची म्हातारी ती हीच.”

“मग मी आळशी नाही,” मोराग म्हणाली.

“नाही.”

“वेडीही नाही.”

“नाही. आजाराला नाव आहे, नार्कोलेप्सी. तो मुळापासून जाणार नाही, पण त्याला वेसण घालता येते.”

त्यानं गोळ्या दिल्या. जागं ठेवायला एक, कडी पडू नये म्हणून दुसरी. दुपारची झोप औषधासारखी घ्यायची. आजार ताब्यात येईपर्यंत गाडी चालवायची नाही. उकळतं भांडं एकटीनं उचलायचं नाही. आणि मन खचू लागलं तर लपवायचं नाही, कारण तुटक झोप माणसाला आतूनही पोखरते. परतीच्या वाटेवर मोराग रडली. हेक्टरनं गाडी बाजूला घेतली आणि थर्मासमधला चहा ओतला.

घरी आल्यावर ती आधी बापाकडं गेली. फर्गसनं सगळं ऐकून घेतलं, चुलीत एक लाकूड सारलं.

“म्हणजे माझ्या गोष्टीला कंटाळून तू उठून जात नव्हतीस.”

“कंटाळले असते तर बसले असते, बाबा.”

 दुसऱ्या दिवशी म्हातारा धक्क्यावर गेला तो छाती काढून. ज्याला त्याला सांगत सुटला, “माझी गोष्ट ऐकून माझी पोर आडवी होते. डॉक्टरांच्या यंत्रावर सिद्ध झालंय. आहे का या बेटावर असा दुसरा गोष्टीवाला?”

गोळ्यांचं गणित बसायला वर्ष गेलं. मग एका संध्याकाळी फर्गसनं कोंबडीची ती गोष्ट काढली आणि मोराग खोलीत थांबली. हेक्टरनं पुढं केलेली खुर्ची तिनं पायानं मागं सारली. अंडं फुटलं. ती हसली, गुडघे जरा लवले, मान डुगडुगली, आणि ती उभी राहिली. गोष्ट संपल्यावरही फर्गस खाली बसला नाही. तिच्याकडं बघत राहिला.

लपवायचं काही उरलं नव्हतं. मोरागनं दुकानाच्या दारावर पाटी लावली: ‘मोराग झोपली आहे. थोडं थांबा.’ रोज दुपारच्या जेवणानंतर पाटी लागायची आणि ती मागच्या खोलीत आडवी व्हायची. पुढं दुकानाचा सगळा कारभार तिच्याकडं आला, तरी पाटी राहिली.

एकदा बेटावरच्याच सिडनी शहरातून एक नवा अधिकारी तपासणीला आला. दार बंद बघून त्यानं मूठ उगारली. पायरीवर फ्लोराआत्या, म्हातारा मर्डॉक आणि आणखी कुणी कुणी आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते.

“ठोकू नका, साहेब,” मर्डॉक म्हणाला.

“भर दुपारी दुकान बंद?”

“बंद नाही. बाई झोपल्यात.”

“आणि तुम्ही वाट बघत बसलात?”

“हिच्याइतकं चोख दुकान किनाऱ्यावर दुसरं नाही,” फ्लोराआत्या म्हणाली. “ती झोपते म्हणून चोख आहे. बसा तुम्ही.”

तिनं सरकून पायरीवर जागा केली. अधिकारी जरा घुटमळला, मग टोपी काढून बसला. आत मोराग जागी झाली होती. बाहेरचं बोलणं तिनं सगळं ऐकलं, मनात साठवलं, आणि चेहरा धुऊन सावकाश दार उघडलं.