घागर भुईला टेकली नाही

माझ्या आईवर अन्याय झाला. गेल्या चैत्रात, आमच्या गावच्या यात्रेच्या सकाळी, देव अभिषेकाला बसायच्या वेळी, सगळ्या गावासमक्ष झाला. आमचं गाव वडूजच्या पूर्वेला, कोरड्या माळावर. देवाच्या आंघोळीला मात्र पाणी लागतं कृष्णेचं, आणि ते आणायचा मान आमच्या घराचा. आजोबा कावडीनं चालत आणायचे. फौजेतून आल्यावर माझे वडील, अण्णा, आपल्या जुन्या जीपमधून आणायचे, शेजारी आई मांडीवर घागर धरून. एकदा भरलेली घागर देवापुढंच उतरायची. मध्ये भुईला टेकली तर पाणी बाटलं. अण्णा गेल्यावर आई एकटी एसटीनं जाऊन पाणी घेऊन आली, तर पायरीवर तिला अडवलं. अडवणारे कमिटीचे अध्यक्ष, माझेच चुलते. "वैनी, पांढऱ्या कपाळानं आत न्हाई जायाचं. आना ती घागर हिकडं." घागर गेली. आई रिकाम्या हातांनी पायरीवर उभी राहिली आणि देव आत गप्प बसून राहिला.

मी चळवळीतली मुलगी. पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते. त्या दिवसापासून मी देवाला हात जोडले नाहीत. गुन्हा माणसांचा, पण बघत बसलेला तो, अशी माझी फिर्याद होती. आईची फिर्यादच नव्हती. तिला नुसती ओढ होती. वर्षभर ती संध्याकाळी कळसाकडं तोंड करून बसायची. पाणी ओघळताना तो पाषाण कसा काळाभोर चमकतो, हे सांगताना तिचा आवाज लहान व्हायचा. ओढ मलाही होती, पण अण्णांच्या खाकी शर्टाला येणाऱ्या पेट्रोलच्या वासाची. तो वास आता गोठ्यात झाकून ठेवलेल्या जीपलाच काय तो उरला होता. यंदा चैत्र लागला तशी आई म्हणाली, "जीप काड. पानी मीच आननार."

इस्लामपूरकडच्या घाटावर आम्ही घागर भरली. विटं गाव मागं पडलं आणि गाडीत पेट्रोलचा वास दाटला. मला आधी अण्णाच आठवले, मग इंजिन गचके खाऊन बंद पडलं. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरच्या अंगावरून पेट्रोल ठिबकत होतं. आमच्याकडं पेट्रोलच्या गळतीला पहिला इलाज साबण. मीही साबणाची वडी ओली करून जोडावर घासघास घासली. व्यर्थ! पेट्रोल वरून, झाकणातूनच उतू येत होतं. भडका उडेल म्हणून आईला मी खाली उतरवलं होतं. ती उन्हात घागर कमरेवर घेऊन उभी होती आणि तिचे हात थरथरत होते.

"आये, बस की त्या दगडावर."

"बसले तर हिला घिऊन उठायची न्हाई मी."

माझा तोल गेला. "ज्यानं तुला पायरीवर ठेवलं, त्याच्यासाठी हात मोडून घेतेस?"

"पायरीवर मान्सांनी ठिवलं, गं. त्येनं कवा ठिवलं?"

मी इंजिनाला शिव्या घालत पुन्हा बॉनेटखाली वाकले. तेवढ्यात मेंढरांचा कळप रस्त्यावर आला. मागं एक धनगर म्हातारी, कपाळ आईसारखंच मोकळं. तिनं काही विचारलं नाही, घागरीकडं पाहिलं फक्त. "किस्नामाईचं व्हय? आन हिकडं, बाय. माझं डोस्कं रिकामंच हाय." पदराची चुंबळ करून तिनं घागर डोक्यावर घेतली. आई दगडावर बसली आणि वर्षात पहिल्यांदा रडली. म्हातारी माझ्याकडं वळली. "आन तू गं? त्येला शिव्या दिऊन त्ये दूद देनार हाय व्हय?"

मी हसले, आणि डोकं ताळ्यावर आलं. कार्बोरेटरचं झाकण खोललं. आत पितळेचा पोकळ तरंगा असतो. तो पेट्रोलवर तरंगतो आणि भरलं की वाट बंद करतो. मी तो कानाशी हलवला. आत पेट्रोल खळखळलं. म्हणजे कुठंतरी भोक पडून तरंगाच बुडाला होता. भोक डोळ्यांना दिसेना. अण्णा असा तरंगा गरम पाण्यात बुडवायचे. "बाभळीखाली आमचा तळ हाय, च्याचं आधान ठिवलंय, जा," म्हातारी म्हणाली. चुलीपासून लांब नेऊन मी तांब्यातल्या कढत पाण्यात तरंगा धरला. एका जागेवरून बारीक बुडबुडे वर आले, माळेतले मणी ओघळावेत तसे. किती वेळ बघत राहिले कोण जाणे. भानावर आले तेव्हा माझे दोन्ही हात जोडलेले होते, तरंग्यासकट. आतलं पेट्रोल निथळवलं, तरंगा पुसला, आणि मघाशी वाया गेलेला तोच साबण त्या भोकात दाबून बसवला.

जीप सुरू झाली. मेंढरं लेकावर सोडून म्हातारी आमच्यासोबत आली; दोघींनी घागर आळीपाळीनं मांडीवर घेतली.

पायरीवर चुलते आडवे आले. "वैनी, पुन्यांदा त्येच?" माझ्या पिशवीत पत्रकं होती, ओठावर घोषणा होती. पण आई नुसती घागर डोक्यावर घेऊन उभी राहिली. म्हातारीनं घागरीला हात लावला. "घ्या की काडून. पर आदी माझा हात काडावा लागंल, दादा." चुलत्यांचा हात पुढं आला नाही. सगळी यात्रा थांबून होती. शेवटी गुरव आत गेले, देवाचा मुखवटा ताम्हणात घेऊन बाहेर आले आणि एकेक पायरी उतरत खाली आले. आईनं तिथंच घागर रिती केली.

ह्याला चमत्कार म्हणा, नका म्हणू. मी त्यावर वाद घालणार नाही. काळा पाषाण अजून आतच आहे आणि आई अजून संध्याकाळी कळसाकडं बघते. शरण जाणं म्हणजे मुकाट बसणं, असं मी समजत होते. त्या माळावर कळलं, की हात थरथरले तरी घागर सोडायची नाही, आणि कुणी डोकं पुढं केलं तर संकोच न करता द्यायची. त्या म्हातारीला त्यानंच धाडलं, एवढं मी आता मानते. माझी फिर्याद मी मागं घेतली आहे. फक्त देवावरची.

तुमच्याही गावात यात्रा भरत असेल. दर्शनाच्या रांगेत शिरण्याआधी पायरीवर कुणाला अडवलंय ते बघा. असेल कुणी, तर तिच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि घागरीला हात लावा.