खिडकीतली बाटली

दामू जाधव गेल्याचं कळलं तेव्हा मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायला लाज वाटते. वाटलं, सुटलो, आता तरी कोणी आमची तुलना करणार नाही... लगेच स्वतःचाच राग आला. पण आलं होतं खरं.

आम्ही दोघं अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात होतो. मी बी.एस्सी., प्रयोगशाळेत केमिस्ट. तो दहावी, प्लँटवर ऑपरेटर, शिरगावहून सायकलने यायचा. कारखान्याचं स्वतःचं छोटं वीजघर होतं आणि त्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड आम्ही पकडायचो. उंच टॉवरमध्ये खालून धूर सोडायचा, वरून एका रसायनाचं द्रावण. द्रावण तो वायू शोषून घ्यायचं, मग ते तापवलं की वायू सुटा व्हायचा आणि द्रावण पुन्हा टॉवरवर. सुटा झालेला वायू सिलिंडरमधून उल्हासनगरच्या सोडावाल्यांकडे जायचा.

दामूची एक खोड होती. दर सोमवारी द्रावणाची छोटी बाटली भरायची, तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि कंट्रोल रूमच्या खिडकीत ठेवायची. द्रावणात किती दम उरलाय हे मी प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब मोजत तासभर शोधायचो, ते हा बाटली उजेडात धरून सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. मॅनेजरसुद्धा आधी त्यालाच विचारायचे, मग माझा कागद बघायचे. मी आतल्या आत जळायचो.

नव्वदच्या सुमारास वीजघर नैसर्गिक गॅसवर गेलं. धूर स्वच्छ झाला म्हणून आम्ही खूश. पण त्या धुरात ऑक्सिजन जास्त, त्याने द्रावण भराभर नासायला लागलं. खिडकीतल्या बाटल्या एकामागून एक कोऱ्या चहासारख्या दिसू लागल्या.

"साहेब, ह्याचं काय तरी बिघडतंय," दामू म्हणाला. "रोज थोडं काढून वेगळं उकळू या. चांगलं वाफेबरोबर वर येईल, घाण खाली राहील."

"माझं टेस्टिंग ओके आहे, दामू. तू रंगावर जाऊ नकोस."

त्याचं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच मी नाही म्हणालो. पंधरा दिवसांत टॉवर फेसाने भरला आणि प्लँट बंद पडला. मग मी मुकाट्याने त्याच्याच पद्धतीने द्रावण उकळून घेतलं, रिपोर्ट माझ्या नावाने वर पाठवला आणि प्लँटचा इन्चार्ज झालो. दामूने पेढे आणले. "साहेब, आपलं काम झालं," म्हणाला. मला वाटलं, टोमणा मारतोय. त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो... तो कारखान्यात होता तोवर, पुरी सहा वर्षं.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी पुण्यानुमोदनाला, त्याच्या नावाने ठेवलेल्या बुद्धवंदनेला गेलो. खिडकीत एकच बाटली होती, काळपट. वहिनी म्हणाल्या, "किती वेळा बोलले, फेका ती. ऐकलंच नाय. तुम्हाला म्हाईत आहे का, कसली ती?"

मी चिठ्ठी वाचली. मी द्रावण उकळून घेतलं त्या दिवसाची तारीख होती, आणि खाली दामूचं ठसठशीत अक्षर. 'आज साहेबांनी ऐकलं.'

इतकी वर्षं मी ज्याचा दुस्वास केला, तो त्या दिवसापासून माझ्यावर खूश होता.

बाटली मी वहिनींकडून मागून आणली. आता ती माझ्या खिडकीत असते. तो रिपोर्ट दामूचा होता, हे आज लिहून टाकतो. हे वाचून तो लाजला असता आणि पुन्हा पेढे घेऊन आला असता. आणि मला पुन्हा त्याचा हेवा वाटला असता.