चूलबंद आवतण

तानुबाई नवी नवरी होती, तेव्हा कुडाच्या आडून तिनं सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं होतं.

"पोरगी पाहाले साखरखेर्ड्याले तुमीच गेलते ना?" सोजराबाई फणकारली होती. "सणाची पोळी खाल्ली का पोट धरून बसते. रोगट पोर गळ्यात बांधली त्याहिनं. धाडून द्या माहेरी!"

"हळू बोल वो. आयकंल ते."

"आयकू द्या! गावाले आवतण सांगाचं काम आपल्या घरचं. पंगतीतून उठून पळणारी बाई लोकाइले जेवाले या म्हणंल काय?"

त्या दिवसापासून तानुबाईनं पोटाचं नाव काढलं नाही.

पुढं सासू गेली अन् आवतण तिच्याकडं आलं. राज इंग्रजांचं, मोठी कचेरी नागपुरात. पण या गावात कोणाच्या घरी कोणी जेवायचं, हे तानुबाई सांगणार. अक्षदांचं ताट घेऊन ती उंबऱ्याशी उभी राहायची. "चूलबंद आवतण हाय वो!" चूलबंद म्हणजे घरातल्या साऱ्या लहानथोरांनी यायचं, त्या दिवशी घरी चूल पेटवायचीच नाही. तिचा आवाज तीन गल्ल्या जायचा.

पण लग्नातली गव्हाची पोळी पोटात गेली, की घटकाभरात पीळ पडायचा. पोट नगाऱ्यावानी फुगायचं. ज्वारीची शिळी भाकर खाल्ली तर काही नाही. ओवा झाला, हिंग झाला. चिखलीच्या बाजारात वैद्याकडून चूर्णही आणलं, तेही शेजारणीसाठी पाहिजे म्हणून सांगून. वैद्य म्हणाला, शेजारणीलेच घेऊन ये. शेजारीण कुठून आणणार? गहूच बाधतो की त्याच्यासंगतचं आणखी काही, हे तिचं तिलाही उमगेना.

मग तिनं चोरवाट काढली. आवतण सांगून झालं, की घरी येऊन एक भाकर थापायची, दोन घास खायचे अन् मग पंगतीला जायचं. पोळी मोडल्यासारखी करायची, उरलेली पत्रावळीसंगत गायीपुढं. अन्नाशी असं खोटं वागताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वामनरावाच्या मुलीच्या लग्नात ते उघडं पडलं. आदल्या संध्याकाळी पावसाचं शिरवं येऊन गेलं, गोवऱ्या ओलावल्या. साऱ्या गावाची छपरं स्वच्छ, अन् तानुबाईच्या छपरातून धुराचा लोट!

वामनरावाची बायको वच्छलाबाई पोळ्यांची टोपली घेऊन पंगतीत तिच्यासमोरच थांबली.

"काऊन वो तानुबाई? गावाच्या चुली बंद केल्या न् तुही चूल कोनासाठी पेटवली? आमच्या अन्नात काय किडे पडले?"

पंगतीचे हात थांबले. खरं सांगायला एक शब्द पुरे होता. पण तानुबाईच्या कानात सोजराबाई बोलू लागली.

"वासराले पेज शिजवली," ती म्हणाली.

"मंग वासराले आवतण नव्हतं काय?" पलीकडून सुभद्राबाई बोलली अन् पंगत हसली.

तानुबाईनं खालमानेनं चार पोळ्या खाल्ल्या.

पंगत उठेस्तोवर ती गोठ्यामागं मेढीचा खांब धरून दुमडली होती. पाण्याला निघालेल्या वच्छलाबाईनं तिला पाहिलं अन् घागर तिथंच ठेवली.

"कधीपासून हाय हे?"

"लगन झालं तवापासून. गहू सोसत नाही वाट्टे. कोनाले सांगू नोको, बाई. आवतण जाईन हातचं."

"अन् मी भर पंगतीत..." वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला.

तिनं कोणाला सांगितलं नाही. फक्त त्यानंतर तिच्या घरच्या पंगतीत तानुबाईच्या पोळीखाली घडी घातलेली पाव भाकर निघायची. तानुबाई ती खायची, तरी घरून दोन घास खाऊनच निघायची, अन् वाढणारीकडं मान वर करून पाहणं तिला कधी जमलं नाही.

वासराची गोष्ट मात्र गावानं सोडली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी वच्छलाबाईच्या नातवाचं लग्न निघालं. तानुबाईच्या हातचं ते शेवटचं आवतण. त्यानंतर चार दिवसांनी ती वारली. आवतणाच्या दिवशी काठी टेकत, ताट सांभाळत, गल्लीमागून गल्ली करत ती शेवटच्या घरी, अर्जुनरावाकडं पोचली.

"वासरू बी येते ना, मावशी?" ओसरीवरून अर्जुनराव हसला.

"येते ना बाप्पा." तिनं मान खालीच ठेवली, उंबऱ्यावर चार अक्षदा टाकल्या अन् उरलासुरला आवाज गोळा केला. "चूलबंद आवतण हाय वो! चूल पेटवू नोका!"

मग काठी टेकत ती घराकडं वळली. तिला अजून भाकर थापायची होती.